अंगणातील गुलबक्षी

उज्जैनच्या काळ्या मातीवर आषाढाच्या दोनचार सरी कोसळल्या, की आमच्या अंगणात न पेरलेले पीक उगवू लागते. हे पीक गुलबक्षीचे. तिच्या मिऱ्याएवढ्या काळ्या बिया गळतात तेथेच रुजतात. मूळची ही अमेरिका खंडातील; परंतु शिंदेशाहीत आलेल्या आम्हा दक्षिण्यांप्रमाणेच माळव्यात इतकी रुळली आहे, की तिला आता कोणी परकी म्हणत नाही. श्रावणी सोमवारी चारच्या सुमारास महाकालाची सवारी निघते, साधारण त्याच वेळी तिच्या कळ्या उमलू लागतात.

आमच्या मातोश्रींना पांढरी गुलबक्षी फार प्रिय. फुलांच्या लांब नळ्या एकमेकींत गुंफून त्या दोऱ्यावाचून गजरा करीत. त्या गेल्यानंतर तेवढे एक झाड आम्ही जिवापाड जपले. पुढे घराची दुरुस्ती निघाली आणि मजुरांनी तो वाफा कंदासकट उकरून टाकला. त्या झाडाच्या पाच बिया तेवढ्या हाती होत्या. त्या पेरल्या, तीन उगवल्या. परंतु तिन्ही झाडांना फुले आली ती गुलाबी! पलीकडच्या भिंतीलगतच्या लाल गुलबक्षीचा पराग रात्रीच्या पतंगांनी आणून टाकला असावा. आम्ही खिन्न होऊन ती झाडे उपटावयास निघालो, तेव्हा सौभाग्यवतींनी अडवले. म्हणाल्या, "राहू द्या. सासूबाईंच्याच झाडाची लेकरं ना ती?"

झाडे राहिली. त्यांच्या बिया आपोआप पडत गेल्या, आणि तिसऱ्या वर्षी अंगणात लाल, गुलाबी अशी सरमिसळ फुलली. आणि एका संध्याकाळी मोरीच्या कडेला, कोणी लक्षही न दिलेल्या एका रोपावर, पांढरेशुभ्र फूल उमललेले दिसले.

याचे कारण आम्हांस मागाहून वाचनात आढळले. मेंडेलचे विस्मृत नियम १९०० साली पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी एक, जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स, यांनी याच गुलबक्षीवर प्रयोग केले होते. लाल व पांढऱ्याच्या संकरातून गुलाबी संतती होते. मात्र त्या गुलाबीच्या पोटी सरासरीने चारांत एक झाड पुन्हा पांढरे निपजते. दोन रंग कालवल्यासारखे दिसतात खरे, पण पांढऱ्याचे बीज आत अभंग असते.

म्हणजे आम्ही जे गमावले असे समजत होतो, ते त्या गुलाबी झाडांतच होते. आणि तीच आम्ही उपटणार होतो!

आता आम्ही निवड करीत नाही. यंदा एका झाडावर लालपांढऱ्या छटांची पट्टेदार फुले आली आहेत. त्यांच्या बियांतून पुढल्या आषाढात काय निघेल, याची नातवंडांशी पैज लागली आहे. पांढऱ्या फुलांचा गजरा मात्र दर संध्याकाळी सौभाग्यवती मातोश्रींच्या तसबिरीस घालतात. दोऱ्यावाचून गुंफण्याची ती हातोटी त्यांनी सासूबाईंकडूनच उचलली आहे.