मिठाची वाट, सुरीची धार

पोहरादेवीपासून समुद्र सरळ रेषेत जवळपास पाचशे किलोमीटर दूर. मानोरा तालुक्यातल्या या गावात भर पावसाळ्यातही वाऱ्याला खारा वास येत नाही. येतो तो भिजलेल्या काळ्या मातीचा आणि सोयाबीनच्या पाल्याचा. पण मिठाला हे गाव परके नाही. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे, आणि रामनवमीला ज्या बंजारा समाजाचे लोक देशभरातून इथे लोटतात, त्यांच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर गोण्या लादून किनाऱ्याचे मीठ देशाच्या आतल्या मुलखात पोचवले. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच प्रवाशाने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांबद्दल लिहिले आहे. वाट अरुंद असली तर तांडा सरेपर्यंत दोन-तीन दिवस थांबावे लागे. कोणी धान्य वाही, कोणी तांदूळ, कोणी डाळी, आणि एक गट फक्त मीठ. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. मीठ वाघिणीतून येऊ लागले आणि लदेणी, म्हणजे बैलांच्या पाठीवरची ही वाहतूक, बसली.

त्या मिठाच्या मुलखातून यंदा यात्रेला आलेल्या माझ्या भाच्याने एक सुरी आणली. तो रत्नागिरीला नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी खडकावर बसून गळ टाकतो. सुरी वीतभर लांबीची, राखाडी, हातात घेतली तर वजनच जाणवू नये अशी. टायटॅनियमची. "मामा, इले गंज लागत नाही, पण आता इच्यानं दोरीबी कापल्या जात नाही," तो म्हणाला आणि ती माझ्यापुढे ठेवली. यात्रेत पायाने चाक फिरवून धार लावणारा बसला होता. त्याच्याकडे न देता मी ती घरी नेली. त्याचे कारण पुढे येईल.

आमच्याकडे लोखंडाशी नाते रोजचे आहे. विळा दगडावर पाजवायचा, वखराची पास लोहाराकडून शेवटून आणायची, कुऱ्हाड पावसाआधी तेलाचा हात फिरवून ठेवायची. गंज आम्हालाही ठाऊक आहे, पण तो आळसाचा गंज, चार महिने आढ्याला खोचून ठेवलेल्या विळ्याचा. खाऱ्या पाण्याचा गंज निराळा. मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे लोखंडाचे झिजणे भराभर होते. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडची अदृश्य साय असते. मिठातला क्लोराइड ती जागोजाग फोडतो आणि आत टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतो. टायटॅनियमवरही अशीच साय असते, त्याच्या स्वतःच्या ऑक्साइडची. पण क्लोराइडला ती दाद देत नाही. ओरखडा उठला तरी हवा किंवा पाणी लागताच पुन्हा धरते. वर्षानुवर्षे समुद्रात पडले तरी पाते पाते राहते. शिवाय हा धातू लोहचुंबकाला ओढला जात नाही, म्हणून पाण्याखालचे सुरुंग निकामी करणारे पाणबुडे याच धातूची हत्यारे बाळगतात.

आणि हा धातू परदेशी पाहुणाही नाही. दख्खनच्या ज्या बेसाल्टपासून आमची काळी माती झाली, त्यात शंभर भागांत साधारण दोन-तीन भाग टायटॅनियमचे ऑक्साइड असते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूचे पट्टे दिसतात. ते इल्मेनाइटचे, म्हणजे टायटॅनियमच्याच खनिजाचे. सह्याद्रीचा हाच पाषाण झिजत झिजत तिथे उतरला. भाचा ज्या वाळूतून खडकाकडे चालत जातो आणि मी ज्या मातीत तूर पेरतो, त्या दोन्हींत त्याच्या सुरीचा धातू आहे. हे कळल्यावर ती सुरी मला अधिक जवळची वाटू लागली.

आता धारेची गोष्ट. गंज न लागणे म्हणजे धार टिकणे नव्हे. स्वयंपाकघरातल्या बऱ्या पोलादी सुरीची कठीणता रॉकवेल मापावर ५६ ते ६० असते. टायटॅनियमचा सर्वांत प्रचलित मिश्रधातू, ज्यात सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असते, तो ३६ च्या आसपास थांबतो. सुऱ्यांसाठी याहून कठीण मिश्रधातू वापरतात, तरी चांगल्या पोलादाची बरोबरी होत नाही. म्हणून या सुरीला धार वरचेवर लावावी लागते. अशा बऱ्याच सुऱ्यांना एका अंगाने दाते असतात तेही यामुळेच. दाते बोथट झाले तरी दोरी ओढून तोडतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वैभव विळ्याला दाते आहेत, त्यामागचे शहाणपण हेच.

नरम धातूला धार लावणे सोपे असेल असे वाटते. तसे नाही. पोलाद दगडावर कुरकुरते, सुटते, टायटॅनियम चिकटते. दगडाच्या कणांत त्याचा चुरा बसतो आणि दगड गुळगुळीत होऊन नुसता घसरू लागतो. म्हणून हिऱ्याच्या कणांची पट्टी घ्यावी आणि ती सतत ओली ठेवावी. पाते वीस अंशांच्या आसपास कलते धरावे. आणि जोर देऊ नये. आमच्या हातांना विळ्यावर दाब द्यायची सवय असते. इथे पात्याच्या स्वतःच्या वजनाहून थोडाच अधिक भार पुरतो. पुढे ढकलायचे, उचलायचे, पुन्हा टेकवायचे. आवाज पोलादासारखा खणखणीत येत नाही, घोगरा येतो, सुती कापडावर नख ओढल्यासारखा. तो आवाज एकसारखा झाला की कोन जमला.

खरी कसोटी त्यानंतर. घासताना कडेवर उलटून येणारी बारीक कोर पोलादावर चार उलटसुलट फेऱ्यांत तुटून पडते. टायटॅनियमची कोर तुटत नाही. ती या बाजूने त्या बाजूला वाकते, पुन्हा परत येते. बोटाला धार लागते आणि पहिल्याच दोरीला ती दुमडते. फेरी हलकी, आणखी हलकी करत जावे, मग मऊ लाकडाच्या कडेतून पाते ओढावे, शेवटी चामड्यावर. आरशासारखी चमक आणायच्या नादी लागू नये. नायलॉनची दोरी, मासळीची कातडी कापायला चारशे नंबरच्या पट्टीची जराशी खरखरीत धारच बरी. ती पकड घेते.

भाच्याने मला रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासे कापणाऱ्या बायकांबद्दल सांगितले. त्यांची विळी साध्या पोलादाची. दिवसभर खारे पाणी, खवले, रक्त. तरी तिच्या धारेवर लाल डाग नाही, कारण ती हातातून सुटतच नाही. मला त्या बायकांच्या हातांबद्दल फार आदर वाटतो. रोज कापणाऱ्याला पोलादच चांगले, असे माझे मत आहे. आठवड्यातून एकदा खडकावर जाऊन सुरी पिशवीत ओलीच विसरणाऱ्याने टायटॅनियम घ्यावे.

मी धार लावलेली सुरी भाच्याने जुन्या कासऱ्यावर चालवून पाहिली. पहिल्याच ओढीत तुकडा पडला.

तुमच्याकडे अशी सुरी असेल तर ती कोरड्या चाकावर मात्र देऊ नका. टायटॅनियममधून उष्णता फार हळू वाहते. ती कडेवरच साठते, धार जळते, पांढऱ्याशुभ्र ठिणग्या उडतात आणि त्याची बारीक धूळ पेट घेऊ शकते. आणि समुद्रावरून आल्यावर ती गोड्या पाण्याने धुवा. पात्यासाठी नव्हे, मुठीतल्या स्क्रूंसाठी. ते बहुधा पोलादाचेच असतात.