इमारतींच्या ऊर्जेचं शिक्षण: काही टिपणं

जून उजाडला की फोन ठरलेला. "सर, मेकॅनिकल झालंय, ग्रीन बिल्डिंगमध्ये जायचंय, एमटेक कुठून करू?" मी उलट विचारतो, चालू चिलर कधी जवळून पाहिलायस का? बहुतेकांनी पाहिलेला नसतो. कॉलेजच्या लॅबमध्ये रेफ्रिजरेशनचा एक संच असतो, तोही बहुधा परीक्षेपुरता चालू करतात. मग मी सांगतो: एखादं मोठं हॉस्पिटल, मॉल किंवा आयटी पार्क गाठ आणि मेंटेनन्सवाल्यांबरोबर महिनाभर तळघरात काढ. तरीही हेच करावंसं वाटलं, तर एमटेकबद्दल बोलू.

*

हे क्षेत्र कायद्याच्या आधारानं उभं आहे. 2001 चा ऊर्जा संवर्धन कायदा, 2002 मध्ये बीईई (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो), 2007 मध्ये ईसीबीसी ही इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन संहिता, 2017 मध्ये तिची सुधारित आवृत्ती. व्यापारी इमारतीचा जोडभार 100 किलोवॅट किंवा कंत्राटी मागणी 120 केव्हीए झाली की ही संहिता लागू व्हायला हवी. घरांसाठी 2018 मध्ये इको निवास संहिता आली. मात्र राज्यानं आणि महापालिकेनं मनावर घेईपर्यंत यातलं बरंच काही कागदावरच राहतं. कोर्स निवडताना 'मागणी प्रचंड आहे' असं ऐकायला मिळेल, तेव्हा एवढं ध्यानात ठेवा.

*

नोकरीच्या मुलाखतीत मी एकच गणित घालतो. चिलरमधून तासाला 100 घनमीटर पाणी वाहतंय. जाताना 7 अंश, परत येताना 10. कॉम्प्रेसर 90 किलोवॅट ओढतोय. कसा चाललाय?

100 गुणिले 3, भागिले 3.024. झालं 99 टन शीतकरण. म्हणजे टनाला जवळपास 0.91 किलोवॅट. पाण्यानं थंड होणाऱ्या, बऱ्या स्थितीतल्या मोठ्या यंत्राला साधारण 0.6 पुरतात. इथवर बरेच जण येतात आणि म्हणतात, चिलर बदला. कोट्यवधींचा सल्ला, दोन मिनिटांत! एखादाच थांबून विचारतो, "सर, डिझाइनला फरक किती धरला होता?" साडेपाच अंश. मग इथे तीनच का? पाणी एएचयूमध्ये (हवा थंड करून खोल्यांत सोडणाऱ्या यंत्रात) उष्णता न उचलताच परत फिरतंय का? व्हॉल्व्ह उघडे अडकलेत? कॉइल धुळीनं भरलेत? की पंप गरजेपेक्षा जास्त पाणी ढकलतोय? असं विचारणाऱ्याला मी घेतो, मग तो डिप्लोमावाला का असेना.

*

चिलर असतो त्याच तळघरात पंपाशेजारी व्हीएफडीचा, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्राचा, पॅनल असतो. वेग 80 टक्क्यांवर आणला तर वीज जवळपास निम्मी लागते (0.8 चा घन 0.512), हे पाठ नसलेला विद्यार्थी मला भेटलेला नाही. पॅनलवरचा आकडा मात्र कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं 50 हर्ट्झवर, म्हणजे पूर्ण वेगावरच असतो. व्हीएफडी घेतला, बिल भरलं, फाइल बंद.

*

आता संस्थांची नावं. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात इमारतींच्या ऊर्जा-कामगिरीवरच एमटेक आहे. आवारात नेट-झिरो इमारत आहे आणि ती प्रयोगशाळा म्हणून वापरली जाते. ज्याला इमारतींवरच काम करायचं आहे, त्यानं आधी तिकडे पाहावं. आयआयटी मुंबईचा ऊर्जा विभाग जास्त विस्तीर्ण: सौर, औष्णिक, धोरण, साठवण. इमारत हा त्यातला एक कोपरा. पण तिथल्याच विद्यार्थ्यांचा चमू 2014 मध्ये सौर घर घेऊन व्हर्सायच्या सोलर डेकॅथलॉन या सौर घरांच्या स्पर्धेला गेला होता, त्यामुळे कोपरा अगदी अंधारा नाही. गेट देऊन आयआयटीत एमटेकला गेलात तर महिना 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं. घरची परिस्थिती बेताची असेल तर हा मुद्दा रँकिंगच्या आधी येतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

*

आर्किटेक्ट सायक्रोमेट्रिक चार्ट पाहून घाबरतात. मेकॅनिकलवाले नकाशावर उत्तर दिशा शोधत नाहीत. पश्चिमेला आख्खी काच लावली की संध्याकाळी चार वाजता एसीची काय गत होते, हे पहिल्याला जाणवतं आणि दुसऱ्याला मोजता येतं. दोघांना एका बाकावर बसवणारा कोर्स मिळाला तर सोडू नका.

*

परदेशाचं. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, म्हणून ओढा तिकडे. (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सत्राला 1500 युरो पडतात, हे अर्ज करताना पाहून घ्या.) शिक्षण उत्तम. पण तिथली मूळ चिंता थंडीची: भिंत उष्णता धरून ठेवते का, फटीतून गार वारा येतो का. पॅसिव्हहाउस या तिथल्या घरबांधणीच्या मानकाचा प्रसिद्ध आकडा, चौरस मीटरला वर्षाकाठी 15 युनिट, हा घर उबदार ठेवण्याचा आहे. मुंबईत मे महिन्यात तो कुणाला सांगणार? आपली झुंज उन्हाशी आणि दमटपणाशी. त्या दृष्टीनं सिंगापूर जवळचं. तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठानं 2019 मध्ये एसडीई-4 ही नेट-झिरो इमारत उघडली. तीत एसीचं तापमान जरा वर ठेवून छताच्या पंख्यांनी वारा देतात. आपल्या आजोबांना हे पटलं असतं. युरोपातच राहून नोकरी करायची असेल तर मात्र खुशाल जर्मनी.

*

लीड, आयजीबीसी, गृह या हरित इमारतींच्या मानांकनांच्या परीक्षा: नावापुढे चार अक्षरं लागतात, सीव्ही पुढच्या टेबलावर सरकतो. दोन-तीन महिन्यांच्या अभ्यासाचं काम आहे, जरूर करा. फक्त त्याला उच्च शिक्षण म्हणू नका.

*

माहितीपत्रकावर जाऊ नका, मागच्या दोन बॅचचे प्रबंधविषय मागवा. सगळेच 'एका काल्पनिक ऑफिस इमारतीचं सिम्युलेशन' असतील तर पुढचं कॉलेज बघा. एनर्जीप्लस हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं फुकट दिलेलं आहे, ते घरी बसूनही शिकता येतं. घरी शिकता येत नाही ते हे: पाइपला अल्ट्रासॉनिक मीटर बांधणं, लॉगर लावून आठवडाभर नोंदी घेणं, आणि सिम्युलेशनचं उत्तर बिलाशी जुळलं नाही की का जुळलं नाही ते शोधणं. विभागात मीटर किती आहेत आणि ते विद्यार्थ्यांच्या हाती देतात का, हे थेट विचारा. उत्तर द्यायला कुणी अडखळलं, तर तेच उत्तर.

*

बीईईची परीक्षा पुढे द्यावीच लागेल: ऊर्जा व्यवस्थापकाला तीन पेपर, लेखापरीक्षकाला चार. अनुभवाची अट असल्यानं पदवी हातात पडताच बसता येत नाही. पण तिची पुस्तकं आत्ताही इंटरनेटवर मोफत मिळतात. दुसऱ्यात बॉयलर आणि भट्ट्या आहेत, ते कारखान्यांसाठी. तिसरं काढा: मोटर, पंखे, पंप, कूलिंग टॉवर, वातानुकूलन, दिवे. ते शेवटपर्यंत वाचून होत नसेल, तर शैक्षणिक कर्जाच्या अर्जावर सही करू नका.