शेठसाठी सोबत

पहिली गोष्ट म्हणजे तो शार्क नाही. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात ज्या टाकीवर ‘शार्क’ अशी चिठ्ठी असते, तिच्यात तीन-चार निरनिराळ्या जातींपैकी काहीही असू शकतं आणि त्यातलं एकही आपल्या मुशीच्या नात्यातलं नसतं. चंदेरी अंगाचा, काळ्या कडांच्या परांचा बाला शार्क फूटभर वाढतो आणि त्याला कळप लागतो. राखाडी चमकणारा दुसरा एक ‘शार्क’ म्हणजे पंगासियस. त्याचेच काटे काढलेले तुकडे हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतात. तो मीटरभर वाढतो, त्याला घरात ठेवणं हा छळ आहे.

आमच्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये आहे तो रेड टेल शार्क. काळंभोर अंग, लालभडक शेपूट, लांबी वीतभरसुद्धा नाही. कुळ रोहू-कटल्याचं. १९३१ मध्ये त्याचं शास्त्रीय नामकरण झालं तेव्हा त्याला रोहूच्याच ‘लॅबिओ’ प्रजातीत घातलं होतं. धाकट्याने त्याचं नाव ठेवलं ‘शेठ’, कारण तो टाकीत भाडं वसूल करायला निघाल्यासारखा फिरतो.

धाकटा गेल्या वर्षी कॅनडाला गेला. मी पुण्यात. आई जाऊन सहा वर्षं झाली. म्हणजे घरात बाबा आणि चार फुटी, साधारण दोनशे लिटरच्या टाकीत शेठ. दर शनिवारी मी घरी आले की बाबांचं एक वाक्य ठरलेलं, “एकटाच फिरतो गं दिवसभर. ह्याला सोबत आणायला हवी.”

त्यांच्या मनात जोडी होती. असाच अजून एक आणू, मादी मिळाली तर बरंच. मी सांगत होते की लहान वयात नर-मादी ओळखू येत नाहीत, आणि आल्या तरी उपयोग नाही. शेठचं सगळ्यात मोठं वैर त्याच्यासारखं दिसणाऱ्याशीच असतं. हा मासा निसर्गात दगड-लाकडांवरचं शेवाळ खरवडून खातो. तळाचा एक तुकडा हे त्याचं स्वयंपाकघर आणि तिथे दुसरी चूल त्याला चालत नाही. दोन ठेवले तर कमजोर असेल तो एका कोपऱ्यात पर फाटेपर्यंत मार खातो. दिसायला जवळचा रेनबो शार्कही त्याच कारणाने बाद.

“एकाच जातीचे असून?” बाबांनी विचारलं.

“एकाच जातीचे म्हणूनच.”

हे त्यांना पटलेलं नव्हतं. मला वाटतं अजूनही नाही.

मग बाकीचे उमेदवार. गोल्डफिश बाबांचा लाडका, पण त्याला गार पाणी मानवतं, शेठला सव्वीस अंशांच्या आसपासचं. गप्पी आणि एंजल संथ, लांब झुळझुळीत परांचे, पळता न येणारे. दुकानदार ‘टाकी साफ ठेवतो’ म्हणून गळ्यात मारतो तो सकर तळाशीच राहतो आणि फुटापेक्षा मोठा होतो. मग लोक कंटाळून त्याला तळ्यात सोडतात आणि तिथे तो देशी माशांच्या मुळावर उठतो. तो मी फुकटसुद्धा आणला नसता. उरलं ते असं: मधल्या-वरच्या थरात राहणारा, चपळ, कळपाने फिरणारा मासा. शेठ धावून आला की निसटेल आणि मिनिटभरात विसरेल असा.

या सगळ्या अटींत बसणारा एक मासा दुकानात होता, ‘मिस केरळ’. तोंडापासून निघालेली लाल रेघ, खाली काळा पट्टा. बाबा त्या काचेसमोर बराच वेळ उभे होते. हा पश्चिम घाटातला, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांचा मासा. २०१३ मध्ये त्याच्या प्रजातीला ‘सह्याद्रिया’ नाव मिळालं, त्या कामात पुण्यातल्या संशोधकाचाही हात होता. शोभेच्या व्यापारासाठी तो नद्यांतून इतका उपसला गेला की आता संकटग्रस्त म्हणून त्याची नोंद आहे. त्याची पैदासही होते, म्हणून मी दुकानदाराला विचारलं, “हे पैदाशीचे की नदीतले?”

“चेन्नईचे,” तो म्हणाला.

खोटं नव्हतं. देशभरातले शोभेचे मासे चेन्नईच्या कोळत्तूरच्या घाऊक बाजारातून फिरतात. पण कोळत्तूरच्या आधी हा कुठे पोहत होता, हे त्या उत्तरात येत नाही. आणि शेठची स्वतःची जात? थायलंडच्या नद्यांतून ती संपली असं १९९६ मध्ये नोंदलं गेलं होतं. पुढे थोडे मासे सापडले. दलदली बुजल्या, धरणं झाली, पकडणारेही होते. आज दुकानात येणारे शेठ संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन मत्स्यशेतीत जन्मलेले असतात. ज्याची नदी अशी गेली, त्याच्या करमणुकीसाठी आपल्याच घाटातली दुसरी नदी उपसायची, हे माझ्याच्याने होईना. बाबांनी वाद घातला नाही. परतीच्या रिक्षात मात्र गप्प होते.

पुढच्या शनिवारी टायगर बार्ब आणले, नऊ. हे सर्रास पैदाशीचे असतात. कमी ठेवले तर दुसऱ्यांचे पर कुरतडतात, आठ-दहा असले की आपसातल्या मारामाऱ्यांतच त्यांचा दिवस जातो. दोन आठवडे त्यांना रोगराईच्या भीतीने पांढऱ्या टबात वेगळं ठेवलं.

खरी अडचण नंतर आली. शेठसारखा मासा शक्यतो सगळ्यांच्या शेवटी सोडायचा असतो. तो आधीपासून असेल तर नवे मासे सोडण्यापूर्वी टाकीतली मांडणी मोडावी लागते, म्हणजे त्याची हद्द पुसली जाते आणि सगळेच नव्याने सुरुवात करतात. ती मांडणी धाकट्याची होती. डावीकडे फुटकं मडकं, मधे कोंडाण्याच्या ट्रेकवरून आणलेले तीन दगड, मागे वाळलेलं मूळ. तो गेल्यापासून बाबा पाणी बदलताना प्रत्येक दगड उचलून, पुसून, होता तिथेच ठेवत होते.

मी म्हटलं, “बाबा, मी करते.”

“थांब.” त्यांनी फोन काढून टाकीचे चार-पाच फोटो काढले, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. मग शर्टाची बाही दुमडून हात पाण्यात घातला. मडकं उजवीकडे नेलं, तोंड भिंतीकडे करून. मूळ आडवं केलं. दगडांना बराच वेळ लागला. लाइट बंद करून बार्ब सोडले आणि आम्ही अंधारातच पोहे खाल्ले.

शेठ अजूनही धावून जातो, दिवसाकाठी पाच-सहा वेळा. बार्ब फुटतात, वर जातात, पुन्हा जमतात. बाबांनी जेवणाची खुर्ची टीव्हीकडून टाकीकडे वळवली आहे. रात्री लाइट बंद करण्यापूर्वी ते मोजतात आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त आकडा पाठवतात. नऊ. नऊ. नऊ.

परवा ‘आठ’ असा मेसेज आला. मी मीटिंगमधून बाहेर येऊन फोन लावला, उचलला नाही. दहा मिनिटांनी दुसरा मेसेज.

‘नऊ. मडक्यामागे होता. जेवलीस का?’