तीन डोळ्यांचं फळ

वैशाखात वसईच्या बाजारात ओल्या फडक्याखाली ताडगोळे दिसले की आत्याची पावलं थांबायची. "कोवळे आहेत ना गं बाई? आत पाणी आहे ना?" हे आधी, भाव नंतर. सोलायचं काम आम्हा मुलांचं. साल तुरट, नखात अडकणारी. ती निघाली की दुधाळ गर, आणि दात लावताच पोटातलं गार पाणी मनगटापर्यंत. सालं आत्या टाकू देत नसे. ती आमच्या घामोळ्यांवर चोळायची.

झाड नीट पाहिलं ते पुष्कळ वर्षांनी. ताडात नर वेगळा, मादी वेगळी. फळ धरते ती मादी, तीही लावल्यावर बारा-पंधरा वर्षांनी. उंची कधी शंभर फुटांच्या घरात. उगाच का पोरं ‘ताडमाड’ वाढतात! कोयता कमरेला लावून भंडारी चढतो आणि घड दोराने खाली सोडतो. मला वाटतं, या फळाचा खरा स्वयंपाक त्या शेंड्यावरच होतो. घाई झाली तर आत नुसतं पाणी, उशीर झाला तर गोळा निबर. नेमका दिवस ओळखायचा तो वर चढणाऱ्याने. मग काळ्याजांभळ्या फळाची टोपी उडवली की तीन खाचा उघडतात, तीन डोळ्यांसारख्या.

आपण इथेच थांबतो. बंगाली माणूस मात्र फळ पिकून आपोआप गळेपर्यंत वाट पाहतो आणि जन्माष्टमीला त्याच्या केशरी गराचे, तांदळाचं पीठ नि गूळ घालून, ‘तालेर बोरा’ तळतो. भागवतातल्या गोपबालांनाही तालवनातल्या पिकल्या फळांच्या वासानेच वेड लावलं होतं. तिथेच बलरामाने धेनुकासुराला मारलं. तमिळनाडूत त्याहून पुढे जातात: बी मातीत पुरून त्याचा कोंब पोंगलच्या सुमारास उकडून खातात.

आमच्या वाडीतल्या ताडावर चढणारा आता मिळत नाही. गेल्या श्रावणात रात्री धप्पकन आवाज झाला. सकाळी फळ उचललं, तर सगळं अंगण दरवळलेलं. तंतू चाळणीवर घासघासून गर काढला, पीठ कालवलं, पहिला घाणा तळला. आत्याच्या फोटोपुढे वाटी ठेवली. हिला फक्त वैशाखच ठाऊक होता.