मोत्यांच्या पैशातली शाळा

परक्या मदतीतून शाळा उभी राहते असं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गरीब देश येतो आणि पैसे पाठवणारा श्रीमंत देश. सौदी अरेबियाला तर आपण कायम देणाऱ्यांच्याच रांगेत पाहतो. जेद्दाच्या जुन्या वस्तीत, अल-बलदमध्ये, फलाह शाळेसमोर उभी राहिले तेव्हा ही समजूत मागे सोडावी लागली. इथला पैसा आला होता आपल्याकडून.

आपल्याकडच्याच पैशातून उभी राहिलेली मक्केची सौलतिया शाळा फलाहहूनही जुनी. 1857 च्या उठावानंतर मौलाना रहमतुल्ला कैरानवी हिंदुस्थानातून निसटून मक्केला पोहोचले. पुढे कलकत्त्याच्या सौलतुन्निसा बेगम हजला आल्या. यात्रेकरूंसाठी मुसाफिरखाना बांधायचं त्यांच्या मनात होतं. मुसाफिरखाने पुष्कळ आहेत, शाळा नाही, असं मौलानांनी त्यांना सांगितलं आणि बेगमांनी ते ऐकलं. 1874 च्या सुमारास शाळा सुरू झाली. मला मोठी वाटते ती त्यांची देणगी नव्हे, स्वतःचा बेत बाजूला ठेवणं. दाता सहसा आपल्या मनातली इमारत घेऊन येतो. समोरच्याला काय हवं, हे विचारायला वेळ काढणारे थोडे.

फलाहची गोष्ट आपल्या आणखी जवळची आहे. 1905 मध्ये महंमद अली झैनल अलीरझा या विशीतल्या तरुणाने जेद्दात ती काढली. हिजाझवर, म्हणजे जेद्दा-मक्केच्या प्रदेशावर, तेव्हा तुर्की अंमल होता आणि सरकारी शाळांत शिकवणं तुर्कीतून चाले. अरबी मुलांना अरबीतून शिकवणारी शाळा त्याला हवी होती. पत्नीने त्यासाठी आपले दागिने दिले, असं सांगतात. पुढे हाच तरुण मुंबईत मोत्यांचा बडा व्यापारी झाला. आखाती समुद्रातले मोती मुंबईच्या बाजारात यायचे, त्यांना छिद्रं पाडून, प्रतवारी करून ते युरोपला जायचे, आणि त्या नफ्यातून फलाहच्या शिक्षकांचे पगार व्हायचे. हिजाझमधली मुलं पुढच्या शिक्षणासाठी त्याने मुंबईलाही पाठवली. आपल्या पेढ्यांच्या हिशेबवह्यांत या शाळेचा खर्च दडलेला असेल, ही कल्पना मला फार आवडते.

मग जपानी संवर्धित मोती आले, 1929 ची मंदी आली आणि नैसर्गिक मोत्यांचा बाजार कोसळला. तेल सापडायला 1938 उजाडायचं होतं. भिंती जागेवर होत्या, पण पगार कुठून द्यायचे? परक्या पैशावर चालणाऱ्या प्रत्येक शाळेला हा प्रश्न कधीतरी पडतोच. 1993 च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत बाहेरच्या मदतीतून नव्या शाळा बांधल्या गेल्या. तिथेही मला कोनशिलेवरच्या नावांपेक्षा हेच विचारावंसं वाटतं, की आज खडूचे पैसे कोण देतं, गळकं छप्पर कोण बघतं.

जेद्दाच्या व्यापाऱ्यांनी याचं उत्तर शोधलं. बंदरात उतरणाऱ्या मालावर त्यांनी एक किरकोळ पट्टी बसवून घेतली आणि तिला 'फलाहचा किर्श' म्हणू लागले. किर्श म्हणजे तिथलं तेव्हाचं चिल्लर नाणं. मुंबईचा ओघ आटल्यावर शाळा गावाच्या अशा चिल्लरीवर तगली, आणि पुढे सरकारही मदतीला आलं. आजही फलाह चालू आहे.