दहावीनंतर अकरावीच का?

दहावीचा निकाल लागला की आमच्या शिरवण्यात पेढ्यांच्याही आधी एक प्रश्न फिरू लागतो, ‘कुठल्या कॉलेजात घालताय?’ कॉलेज म्हणजे अकरावी. टक्के भरपूर असले तर सायन्स, मधले असले तर कॉमर्स, कमी असले तर आर्ट्स, असा हिशेब गल्लीतच होऊन जातो. मुलाला काय जमतं, काय आवडतं, हे विचारायचं राहूनच जातं. मी उर्दू आणि मराठी शिकवते. त्यामुळे या हंगामात बरेच पालक मराठीतले फॉर्म आणि सूचना समजून घ्यायला घरी येतात, आणि हा हिशेब मला फार जवळून दिसतो.

आपण राहतो कुठे, तेही बघायला हवं. गावठाणातून महामार्ग ओलांडला की एमआयडीसी. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले जुने रासायनिक कारखाने बरेच बंद झाले, पण ऐरोली, रबाळे, महापे भागात आता डेटा सेंटर उभी राहिली आहेत. डेटा सेंटर म्हणजे कॉम्प्युटरचं भलंमोठं गोदाम. ती यंत्रं रात्रंदिवस तापतात, म्हणून सतत थंड ठेवावी लागतात, आणि वीज क्षणभर गेलेली चालत नाही. तिथे रेफ्रिजरेशन-एसी मेकॅनिक लागतो, इलेक्ट्रिशियन लागतो. आणि आपली मुलं, आवड असो वा नसो, घाऊक भावाने बी.कॉम. करत असतात.

आमच्या ओळखीतले एक भाई वीस वर्षं एसी दुरुस्त करतात. कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून बिघाड सांगतात. पण मोठ्या कंपनीत जातात ते ठेकेदाराचा माणूस म्हणून. हातात हुनर आहे, कागद नाही. त्यांच्या मुलाला अठ्ठावन्न टक्के मिळाले. गणित बरं, लहानपणापासून अब्बूंबरोबर पाना धरलेला. मी म्हटलं, ‘भाई, याला तुमचंच काम शिकू द्या, पण कागदासकट.’ ते म्हणाले, ‘मॅडम, मी आयुष्यभर हात काळे केले. आता त्यानेही तेच करायचं?’

या प्रश्नाला ‘आयटीआय चांगलं असतं’ एवढं उत्तर पुरत नाही. बापाला भीती असते ती मुलगा तिथेच अडकून राहील याची. म्हणून मी त्यांना कागदावर पुढची वाट काढून दाखवली. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला की पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या पदवीलाही थेट दुसऱ्या वर्षात. ज्याला गणित-विज्ञान बरं जमतं त्याला दहावीनंतर सरळ तीन वर्षांचा डिप्लोमाही करता येतो. आणि ज्याला कमवायची घाई आहे, त्याच्यासाठी अप्रेंटिसशिप. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि शिकताना दरमहा विद्यावेतन मिळतं. दहावीत अडखळलेल्यांसाठीही वेल्डरसारखे काही ट्रेड खुले असतात.

भाई कागद घेऊन गेले. दोन दिवसांनी फॉर्म भरायला मुलालाच पाठवलं. तो आता दुसऱ्या वर्षाला आहे. नातेवाइकांना अम्मी अजून ‘डिप्लोमा करतोय’ असंच सांगते, ते सोडा. हजरत दाऊद अलैहिस्सलाम आपल्या हातच्या कमाईवर जगत, हे आपण बयानात मान डोलावत ऐकतो. जावई बघताना मात्र फिटर म्हटलं की चेहरे उतरतात.

खरं तर ही वाट आपल्याकडे नवी नाही. १८७४ साली स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामची भायखळ्याची साबू सिद्दीक तंत्रशिक्षण संस्था १९३६ पासूनची. आपल्याजवळ नवीन पनवेलला काळसेकर संकुल २०११ मध्ये सुरू झालं. अशा अल्पसंख्याक संस्थांत आपल्या मुलांसाठी वेगळ्या जागा असतात.

घोडं अडतं ते कागदपत्रांपाशी. तांबोळी, बागवान, पिंजारी, अत्तार, मोमीन अशा कितीतरी बिरादऱ्या महाराष्ट्रात ओबीसीत आहेत, पण दाखला काढलेला नसतो. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला सापडतो आणि जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं असतं! मग आजोबांच्या भावाचा, चुलत्यांचा दाखला शोधत गावी जावं लागतं. हे काम निकालानंतरच्या पंधरवड्यात होत नाही, मूल आठवीत असतानाच सुरू करा. जे कुठल्याच आरक्षणात बसत नाहीत आणि ज्यांच्या घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांनी ईडब्ल्यूएसच्या दाखल्याची चौकशी करावी. तो मुसलमानांना मिळत नाही, असं मला चारजणांनी तरी ठामपणे सांगितलंय. मिळतो.

मुलींचा विषय निघाला की टक्के मागे पडतात आणि ‘किती लांब, किती वाजता परत’ हे पुढे येतं. ही काळजी मी हसण्यावारी नेत नाही, मलाही मुलगी आहे. पण काळजी असेल तर जागा बघून यावी, घरबसल्या नकार देऊ नये. यंदा एका मुलीला ड्राफ्ट्समन सिव्हिल करायचंय. नकाशे, घरांचे आराखडे काढायचं काम. तिचा हात सुरेख आहे. नानी म्हणाल्या, ‘वर्कशॉपमध्ये मुलांच्यात आमची पोर?’ मी म्हटलं, ‘खाला, तुम्हीच जाऊन बघा ना.’ अम्मी आणि नानी दोघी जुईनगरहून लोकल पकडून खरंच गेल्या. वर्गात मुली किती, शिकवायला बाई आहेत का, स्वच्छतागृह कसं आहे, सुटतं किती वाजता, सगळं विचारून आल्या. ड्राफ्ट्समनच्या वर्गात छिन्नी-हातोडा नसतो, टेबलं आणि कॉम्प्युटर असतात, हे पाहून नानींचा सूर बदलला.

परवा रात्री माझ्या घरी बसून विकल्प भरले. पहिली यादी अजून लागायची आहे. अम्मीने मात्र रेल्वेचा पास किती रुपयांचा पडेल, याची चौकशी करून ठेवली आहे.