डोहाळे

परवा लोकल वसईच्या खाडीवरून जाताना ओहोटीच्या चिखलाचा वास डब्यात शिरला. शेजारणींनी नाकाला पदर लावले, आणि मला एकदम धाकटी काकू आठवली.

काकू रत्नागिरीची, भाट्याच्या खाडीकाठची. दिली कऱ्हाडला. पहिलटकरीण असताना आजीनं हौसेनं डोहाळे विचारले, तर म्हणाली, "मला खाडी बघायचीय." आजी हसली. अशा दिवसांत कुंभार्ली घाटाचे गचके नकोत, असं ठरलं आणि विषय मिटला. पुढं त्याच घाटानं एसटीतून माहेरच्या कैऱ्या आल्या. काकूनं त्या परातीत ओतल्या आणि रिकामं गोणपाट नाकाशी धरून कितीतरी वेळ बसून राहिली. कैऱ्या आम्ही पोरांनीच तिखटमीठ लावून संपवल्या.

सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यातल्या गर्भिणीला दौहृदिनी म्हटलंय, दोन हृदयांची बाई. तिच्या इच्छांची तिथं यादीच आहे, आणि त्यात नुसतं खाणं नाही. कुणाला राजाचं दर्शन हवं, कुणाला आश्रमात जायचंय. या इच्छा मारू नका, असं बजावलंय. आपण मात्र डोहाळे चिंचा-आवळ्यांवर आणून ठेवले. खायचे तेवढे पुरवायचे, जायचे नाहीत.

सीतेचेही जायचेच होते. गंगाकाठचे आश्रम बघायचे होते तिला. तेवढंच निमित्त करून रामानं तिला लक्ष्मणाबरोबर रथातून पाठवलं आणि तिकडेच सोडून यायला सांगितलं. लोकापवाद, राजधर्म, सगळं वाचलंय मी. पण त्यासाठी तिचे डोहाळे वापरावेत, हे मला आजही सोसत नाही.

आणि ते गोणपाट. त्याला खाडीचा वास खरंच येत असेल का?

गेल्या महिन्यात भाचीचं डोहाळजेवण झालं. चंद्रकोरीचा झोपाळा, फुलांचे दागिने, हातात धनुष्यबाण. मग झाकलेल्या वाट्या: पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. या खेळाचा मला मनापासून राग आहे. पोटातलं काय निघणार याचीच सगळ्यांना उत्सुकता, तिला काय हवंय हे कुणी विचारलंच नाही. दागिने उतरवताना मी विचारलं.

"मावशी, वाईला जायचंय. घाटावर नुसतं बसायचंय."

"बाळंत झालीस की जा निवांत," सासूबाई म्हणाल्या.

तेव्हा कसली निवांत जातेय! डॉक्टरांना विचारून झालंय. शनिवारी सकाळी मी तिला घेऊन निघतेय.